‘आपल्याच मुलाचे अपहरण कसे होईल?’

बापाने स्वतःचे मूल उचलून नेले तर गुन्हा लागतच नाही, ही समजूत महाराष्ट्रात अलीकडे भलतीच ठाम झाली आहे. ऑक्टोबर 2023 पासून तिला ‘हायकोर्टानेच सांगितले आहे’ अशी पुस्तीही जोडली जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या महिन्यात एका पित्यावरचा अपहरणाचा गुन्हा रद्द केला, हे खरे. तीन वर्षांच्या मुलाला त्याने आईकडून नेले होते. मात्र निकालाचा दाखला देणारे दोन गोष्टी हटकून गाळतात. ते जोडपे विवाहित होते, आणि मुलाला नेण्यास मनाई करणारा सक्षम न्यायालयाचा कोणताही आदेश नव्हता. निकाल उभा आहे तो याच दोन गोष्टींवर. लग्न न झालेल्या आई-बापांच्या भांडणात तो जसाच्या तसा उचलून आणणे म्हणजे कायदा अर्धाच वाचणे.

विवाहाने एवढा फरक का पडतो, याचे उत्तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये आहे. हा कायदा बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू होतो. विवाहातून झालेल्या मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई, असे खंड (अ) सांगतो. त्यातला बापाचा अग्रक्रम सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात बराच सैल केला. खंड (ब) अनौरस मुलाविषयी आहे आणि तिथे क्रम नेमका उलटा आहे: आधी आई, तिच्यानंतर बाप. नागपूरच्या प्रकरणातला बाप नैसर्गिक पालक होता, म्हणून त्याने मूल नेणे हे पालकाच्या ताब्यातून पळवणे ठरले नाही. अविवाहित बापाला आई असताना ते स्थान मिळत नाही. कायद्यात हे 1956 पासून छापलेले आहे. तरीही ‘बाप तो बापच’ एवढ्यावर वाद मिटल्याचे समजले जाते.

इतर धर्मीयांसाठी पालक व पाल्य अधिनियम, 1890 आणि ज्याचा त्याचा व्यक्तिगत कायदा पाहावा लागतो. 6 जुलै 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘एबीसी विरुद्ध राज्य (दिल्ली)’ हा निकाल दिला, तो एका अविवाहित ख्रिस्ती आईच्या अर्जावर. मुलाला आपल्या बचतीसाठी नॉमिनी म्हणून नेमायला ती गेली, तेव्हा तिच्याकडे बापाचे नाव किंवा पालकत्वाचे प्रमाणपत्र मागण्यात आले. पालकत्वासाठी अर्ज केला तर बापाला नोटीस काढण्याची अट पुढे आली. खालचे न्यायालय आणि उच्च न्यायालय दोन्हींकडे ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मुलाकडे कधी न फिरकलेल्या बापाला नोटीस देणे आवश्यक नाही असे ठरवले. पुढे त्याला मुलाची खरोखर काळजी वाटली, तर पालकत्वाचा आदेश बदलून मागण्याची वाटही खुली ठेवली. मुस्लिम कायद्यातही अनौरस मुलाचा ताबा आई व तिच्या नातलगांकडे जातो, याची नोंद त्याच निकालात आहे.

आता फौजदारी बाजू. भारतीय न्याय संहितेचे कलम 137 हे जुन्या दंड संहितेच्या कलम 361 च्या जागी 1 जुलै 2024 पासून आले. कायदेशीर पालकाच्या ताब्यातून त्याच्या संमतीवाचून मुलाला नेणे हा गुन्हा असून शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. पूर्वी मुलग्यासाठी वयाची मर्यादा 16 आणि मुलीसाठी 18 होती. आता दोघांसाठी 18 आहे. मुलाची संमती होती, हा बचाव चालत नाही.

एवढ्यावरून ‘मग बापाला अटक होणारच’ असे दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांनी त्याच कलमाचा अपवादही वाचावा. आपण या अनौरस मुलाचा बाप आहोत, किंवा ताब्याचे कायदेशीर हक्कदार आहोत, असे जो सद्भावनेने मानतो त्याला हे कलम लागत नाही. हेतू अनैतिक किंवा बेकायदा असेल तरच लागते. ही तरतूद 1860 च्या दंड संहितेतून जवळजवळ जशीच्या तशी नव्या संहितेत आली आहे. पण ती बापाला फौजदारी खटल्यापासून वाचवते, ताबा देत नाही. तुरुंगात न जाणे म्हणजे मूल जवळ ठेवण्याचा हक्क मिळणे, ही उडी कायद्याने कुठेही मारलेली नाही. शिवाय अपवाद त्या सद्भावनेपुरता आहे. बापाच्या सांगण्यावरून शाळेच्या फाटकातून मूल घेऊन येणाऱ्या काकाला तो आपोआप मिळत नाही, आणि न्यायालयाने ताबा आईला दिल्यावर हक्काच्या सद्भावनेचा दावा बापालाही जड जातो.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ताब्यात हस्तक्षेप करणे हा त्याच नावाचा स्वतंत्र गुन्हा आहे. भारतात तसा नाही. आदेश मोडणाऱ्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होते. 1890 च्या कायद्याचे कलम 44 त्यातल्या त्यात जवळ जाते: न्यायालयाने नेमलेल्या पालकाने अधिकारक्षेत्र चुकवण्यासाठी पाल्याला बाहेर नेले, तर एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. सव्वाशे वर्षे उलटली, पण हजाराचा आकडा कोणी हलवलेला नाही.

म्हणून खरी लढाई पोलीस ठाण्यात नसते. कौटुंबिक न्यायालयात, आणि ते नसेल तिथे जिल्हा न्यायालयात, 1890 च्या कायद्याच्या कलम 25 खाली मूल परत मागता येते. मुलाला बेकायदा अडकवून ठेवले असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका चालते. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. दोन्हीकडे निर्णायक कसोटी मुलाच्या हिताची असते (1956 च्या कायद्याचे कलम 13). म्हणजे कलम 6 आईलाही कायमची हमी देत नाही. मुलाचे हित बापाकडे आहे असे न्यायालयाला पटले, तर ताबा त्याच्याकडे जाऊ शकतो. आणि ताबा नसला तरी भेटीचे आदेश मागता येतात.

बाकीच्या समजुती थोडक्यात निकालात निघतात. जन्मदाखल्यावर बापाचे नाव असणे हा पितृत्वाचा पुरावा आहे, ताब्याचा हुकूम नव्हे. आईने नाव दिले नाही म्हणून दाखला अडवता येत नाही. 2015 च्याच निकालानुसार तिचे प्रतिज्ञापत्र पुरते. मूल पाच वर्षांचे झाले की आपोआप बापाकडे जाते, हेही खोटे: पाच वर्षांची तरतूद ‘सामान्यतः’ आईकडे ताबा ठेवण्यापुरती आहे, पुढच्या हस्तांतराचे वेळापत्रक नाही. लग्न नाही म्हणून मुलाला पोटगी नाही, असे सांगणाऱ्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 पाहावे. औरस-अनौरस दोन्ही मुलांचा त्यात उल्लेख आहे. हिंदू पुरुषाच्या बेकायदा दुसऱ्या लग्नातले मूल हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 16 मुळे औरस मानले जाते, त्यामुळे खंड (ब) लावण्याआधी हे तपासावे लागते. आणि आई दुसऱ्या कोणाशी विवाहित असेल, तर कायदा प्रथम तिच्या पतीलाच बाप धरतो; जैविक बापाची वाट त्या गृहीतकापाशीच अडते.

परदेशातल्या मराठी कुटुंबांत उलटी चूक होते: मूल भारतात आणले की तिकडचा आदेश संपला. भारत मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या 1980 च्या हेग करारात सामील नाही, त्यामुळे आपोआप परत पाठवण्याची यंत्रणा इथे नाही, एवढेच त्यात खरे. परदेशी आदेश हा मुलाच्या हिताचा विचार करताना न्यायालयासमोरचा एक मुद्दा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले. अमेरिकेतून दुसऱ्या पालकाचे हक्क डावलण्याच्या हेतूने मूल बाहेर नेणाऱ्यावर मात्र तिथल्या 1993 च्या संघीय कायद्याखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा दाखल होऊ शकतो.