विद्यापीठाचे फुटबॉल : आधी मैदान, मग स्टेडियम

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील अंजूर हे गाव वसईच्या मोहिमेतील गंगाजी नाईक अंजूरकर यांच्यामुळे इतिहासाला परिचित आहे. आज या परिसराचे रूप पालटले आहे. माणकोली, पूर्णा, काल्हेर या गावांप्रमाणेच अंजूरच्या आसपासही भातशेतीच्या जागी गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. येथील तरुण पदवी शिक्षणासाठी भिवंडी-ठाण्याच्या महाविद्यालयांत जातात आणि ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. साहजिकच, विद्यापीठ खेळांविषयी जो निर्णय घेईल त्याचा लाभ अंजूरच्या मुलामुलींपर्यंत पोहोचावयास हवा. विद्यापीठाने फुटबॉलचा पद्धतशीर कार्यक्रम हाती घ्यावा काय आणि त्यासाठी स्टेडियम उभारण्यास निधी द्यावा काय, या प्रश्नाचा विचार याच कसोटीवर होणे उचित ठरेल.

एक नव्हे, दोन प्रश्न

वरील प्रश्न एक दिसत असला तरी वस्तुतः ते दोन प्रश्न आहेत. कार्यक्रम म्हणजे प्रशिक्षक, नियमित सराव, सामन्यांचे वेळापत्रक, मुलींचा संघ, साहित्य, प्रवासखर्च आणि दुखापतींवर उपचाराची सोय. स्टेडियम म्हणजे प्रेक्षकांसाठी केलेले बांधकाम. पहिल्याचा संबंध खेळणाऱ्याशी, तर दुसऱ्याचा पाहणाऱ्याशी आहे.

कार्यक्रमाची चौकट आज अस्तित्वात नाही असे नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये क्रीडा व शारीरिक शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. भारतीय विद्यापीठ संघातर्फे आंतरविद्यापीठ स्पर्धा भरतात. २०२० साली भुवनेश्वर येथे पहिली खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाली. तेव्हा प्रश्न प्रारंभाचा नसून सातत्याचा आहे.

हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. सोळा महाविद्यालयांची स्पर्धा बाद पद्धतीने घेतल्यास एकूण १५ सामने होतात आणि आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी परततात. त्या संघांतील मुलांचा वर्षाचा फुटबॉल अवघ्या दीड तासात संपतो. हेच संघ चार गटांत विभागून साखळी पद्धतीने खेळविल्यास केवळ गटांतच २४ सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. यासाठी एकही वीट रचावी लागत नाही. पंच, मैदान आणि प्रवासखर्च एवढ्यावर हे काम होते. खेळाडू सामन्यांतून घडतो, हे ध्यानात घेतल्यास निधीचा पहिला रुपया कोठे खर्च व्हावा हे सांगण्याची आवश्यकता उरत नाही.

एका एकराचा खेळ

खेळाच्या नियमांनुसार प्रौढांच्या सामान्य सामन्यासाठी मैदान किमान ९० मीटर लांब व ४५ मीटर रुंद असावे लागते. हे क्षेत्र ४,०५० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ४० गुंठे, अर्थात एक एकर भरते. मोठ्या स्पर्धांसाठी १०५ बाय ६८ मीटरचे मैदान प्रचलित आहे. त्याला सुमारे ७१ गुंठे, आणि भोवतालची मोकळी जागा धरता सव्वादोन एकर लागतात. चारशे मीटरची धावपट्टी आखून तिच्या आत फुटबॉलचे मैदान बसवावयाचे झाल्यास सुमारे चार एकरांची गरज भासते. प्रेक्षागार, वाहनतळ, प्रवेशमार्ग आणि अग्निशमनाची व्यवस्था यांची जागा याहून निराळी.

कोकणातील पावसाचा विचारही येथे करावा लागतो. केवळ सपाट केलेली जमीन पावसाळ्यात चिखलाने निकामी होते. पृष्ठभागाला दिलेला योग्य उतार, त्याखाली खडी व वाळूचे थर आणि पाणी वाहून नेणारी चर यांवर मैदानाचे आयुष्य अवलंबून असते. नैसर्गिक हिरवळीला पाणी, कापणी आणि विश्रांती लागते. कृत्रिम हिरवळ अधिक तास वापरता येते. मात्र ती उन्हात तापते आणि साधारणतः आठ-दहा वर्षांनी बदलावी लागते. बांधकामाच्या अंदाजपत्रकाबरोबर देखभालीचे अंदाजपत्रकही मंजूर होणे अगत्याचे आहे, ते यासाठीच.

स्टेडियम कशावर चालते?

नवी मुंबईतील नेरूळ येथे डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या परिसरात २००८ साली खुले झालेले स्टेडियम हे शिक्षणसंस्थेने उभारलेल्या स्टेडियमचे जवळचे उदाहरण होय. २०१७ च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेतील उपांत्य सामना, २०२२ च्या आशियाई महिला चषकाचा अंतिम सामना आणि त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना येथे झाला. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि या स्टेडियमला क्रिकेटचाही मोठा आधार आहे. २००८ मधील पहिल्या आयपीएल स्पर्धेचा अंतिम सामना आणि २०२५ च्या महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना येथेच झाला. महानगराचा प्रेक्षक, मोठ्या स्पर्धा आणि क्रिकेट या तिन्हींची जोड प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाला मिळेल असे गृहीत धरता येणार नाही.

कोल्हापूरचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथील शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यांना गर्दी लोटते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पेठा यांनी ही परंपरा जोपासली आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याला प्रशिक्षण मिळाले. खेळाडू घडविण्याचे श्रेय खेळाचे वातावरण आणि निवासी प्रशिक्षण यांकडे जाते, प्रेक्षागाराच्या भव्यतेकडे नव्हे.

परदेशातील एक अनुभवही उद्बोधक आहे. अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये फुटबॉल म्हणतात तो खेळ आपला नव्हे. त्यात लंबगोल चेंडू हातात घेऊनही पुढे नेला जातो. परंतु स्टेडियमच्या खर्चाचा प्रश्न सारखाच आहे. शिकागो विद्यापीठ एकेकाळी या खेळात अग्रेसर होते. विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकीर्दीत, १९३९ च्या अखेरीस, विद्यापीठाने हा संघच बंद केला. ओस पडलेल्या त्या स्टेडियमच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुशृंखला प्रक्रिया घडवून आणली. पुढे त्या जागी विद्यापीठाचे ग्रंथालय उभे राहिले. १९६९ मध्ये खेळ परत आला, तो मात्र माफक स्वरूपात. आजही अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांच्या क्रीडा विभागांचा खर्च त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागत नाही. तूट विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून किंवा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरून काढावी लागते.

निधी कोणाचा, लाभ कोणाचा?

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. वेंगुर्ल्याची विद्यार्थिनी आणि भिवंडीचा विद्यार्थी, दोघेही शुल्क भरतात. त्या निधीतून एकाच ठिकाणी मोठे स्टेडियम झाल्यास बहुतेकांच्या वाट्याला त्याचे छायाचित्रच येईल. त्याच निधीतून प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन चांगली मैदाने, पूर्ण वेळ प्रशिक्षक आणि मुलींसाठी कपडे बदलण्याच्या खोल्या व स्वच्छतागृहे झाली, तर लाभ दारापर्यंत येईल. या सोयी नसल्यामुळे मुलींचा खेळ अनेकदा शाळेबरोबरच संपतो, हे विसरून चालणार नाही.

असलेल्या सुविधा वापरण्याचा मार्गही खुला आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे शिवछत्रपती क्रीडा संकुल उभारण्यात आले. २०२० च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठासाठी याच संकुलाची निवड झाली. जिल्हा व तालुका क्रीडा संकुलांशी विद्यापीठांनी करार केल्यास नव्या बांधकामाचा मोठा भाग टाळता येईल.

यावरून विद्यापीठांनी स्टेडियम कधीच बांधू नये असा अर्थ कोणी काढू नये. मात्र तत्पूर्वी तीन गोष्टींची खात्री करून घ्यावी. एक, महाविद्यालयांची साखळी स्पर्धा सलग काही वर्षे नियमितपणे चालली आहे. दोन, मैदान वर्षातील बहुतेक दिवस विद्यार्थ्यांच्या वापरात राहील. तीन, देखभालीचा खर्च शुल्कवाढ न करता भागविता येईल. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर अधिसभेने प्रस्तावाचा अवश्य विचार करावा.

ग्रामपंचायती आणि शाळा

विद्यापीठाकडे येणारा खेळाडू शाळेत आणि गावात घडतो. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर शाळा-महाविद्यालयांतून एकाच दिवशी फुटबॉल खेळविण्यात आला, तेव्हा मुलांचा उत्साह सर्वांनी पाहिला. तो उत्साह दुसऱ्या दिवशी टिकण्यास मैदान लागते. भिवंडी परिसरासारख्या, जमिनीला गोदामांची मोठी मागणी असलेल्या गावांत एकदा गेलेली मोकळी जागा परत मिळत नाही. यास्तव क्रीडांगणाची जागा ग्रामसभेच्या ठरावाने निश्चित करणे, तिची मोजणी व नोंद करून घेणे आणि विकास आराखड्यात ती खेळासाठी दर्शविली जाईल असा पाठपुरावा करणे, हे पंचायत सदस्यांचे तातडीचे काम आहे. मैदानाचे सपाटीकरण, कुंपण आदी कामांसाठी राज्य शासनाची क्रीडांगण विकास अनुदान योजना असून तिची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. शिक्षकांनी शाळेचे मैदान सकाळ-संध्याकाळ गावातील मुलामुलींसाठी खुले ठेवल्यास याच कामाला हातभार लागेल.

सारांश, विद्यापीठाने फुटबॉलचा कार्यक्रम अवश्य हाती घ्यावा आणि तो प्रत्येक संलग्न महाविद्यालयापर्यंत न्यावा. स्टेडियमचा प्रश्न त्यानंतरचा आहे. अंजूरसारख्या गावात आज राखून ठेवलेला एक एकर उद्याच्या विद्यापीठ संघाला खेळाडू देऊ शकेल. तो एकर हातचा गेल्यास मात्र कितीही आसनांचे स्टेडियम त्याची भरपाई करू शकणार नाही.