‘लवकरच येत आहे’ : एका भिंतीचे वाचन

अलोरे म्हणजे कोयना प्रकल्पाची वसाहत. घाटावरचे, विदर्भातले, मराठवाड्यातले लोक इथे कामासाठी आले आणि कोकणच्या पावसात भिजून एकसारखे झाले. त्यांना एकत्र आणणाऱ्या गोष्टी तीन : प्रकल्पाचा भोंगा, एसटीची वाट आणि थांब्याजवळच्या भिंतीवरचे चिपळूणच्या टॉकीजचे पोस्टर. पहिल्या दोन्हींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्याचा विचार इथे करू.

त्या पोस्टरावरचा सर्वांत फसवा शब्द नटाच्या नावात नसे, तो ‘लवकरच’ या क्रियाविशेषणात असे. फसवणूक मात्र मुद्दाम केलेली नव्हती. चित्रपटाच्या प्रती महाग, म्हणून मोजक्याच काढत. त्या आधी मुंबई-पुण्यात चालत, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला. वितरक गावांची ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी वर्गवारी करीत आणि आम्ही कुठल्या अक्षरात बसतो हे सांगायची गरज नाही. कागद हलका, रिळांचे डबे जड. त्यामुळे पोस्टर आधी पोचे आणि चित्रपट त्याच्या मागून, सवडीने, अंगावर ओरखडे घेऊन येई. म्हणजे ‘लवकरच’चा खरा अर्थ ‘इतरांचे पाहून झाल्यावर’.

या मधल्या काळात अलोऱ्याचा प्रेक्षक पोस्टरावरूनच चित्रपट पाहून घेई. त्याचे व्याकरण पक्के होते. मधोमध नायकाचे डोके, खालच्या कोपऱ्यात त्याच डोक्याचे धड मोटारसायकलवर. नायिका दोनदा : एकदा नाचताना, एकदा रडताना. खलनायकाचा चेहरा हिरवट, म्हणजे तपासाचे काम उरत नसे. पांढऱ्या साडीतली आई कडेला दिसली की मध्यंतरानंतर तिचे आजारपण गृहीत धरावे. श्रेयनामावलीत शेवटी ‘आणि’ लिहून ज्याचे नाव येई, त्याचे मानधन त्या ‘आणि’त दडलेले असे.

अतिशयोक्तीची ही परंपरा थेट फाळक्यांपर्यंत जाते. ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) सुरतेला नेला तेव्हा गल्ला जमेना, म्हणून त्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, तेही तीन आण्यांत, अशी जाहिरात केली असे सांगतात. कथा, नट, सत्यवचन यांचा उल्लेख नाही; माल मापून दिला. गिऱ्हाईक आले.

चित्राची बाजू कोल्हापूरने सांभाळली. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर स्वतःच चित्रकार. आपल्या चित्रपटांची पोस्टरे तेच रंगवीत. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे (1924) पोस्टर आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी मानले जाते. पुढे कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांनी ‘मुघल-ए-आझम’ची (1960) पोस्टरे रंगवली. त्या चित्रपटाचा बराचसा भाग कृष्णधवल, रंगीत रिळे मोजकी. पोस्टर मात्र पहिल्यापासून संपूर्ण रंगीत. त्याला थाप म्हणावे, तर मग आपल्या लग्नपत्रिकांनाही म्हणावे लागेल.

आता आमच्या भिंतीकडे परत येऊ. पोस्टर चिकटवायला पिठाची खळ लागे आणि ती शेळ्यांना फार आवडे. परीक्षण लिहिणारे समीक्षक नंतरचे. पहिला चावा शेळीचा. उरलेल्याचा निकाल पाऊस लावी. जूनमध्ये वरचा कागद ओघळला की खालचा डोके वर काढी, आणि पौराणिक पटातल्या देवाच्या हातात डाकूची बंदूक येई. एका पावसाळ्यात तर नायिकेच्या गळ्यात दोन वेगवेगळ्या वर्षांतल्या नायकांचे हात होते. वसाहतीत त्यावर गंभीर चर्चा झाली.

यातच अभ्यासकाची खरी अडचण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात किंवा संग्राहकांच्या कपाटांत आज जी पोस्टरे कोरी करकरीत दिसतात, त्यांतली बरीचशी कधी भिंतीवर लागलेलीच नसावीत. ज्यांनी आपले काम केले, ती पावसात गेली, शेळ्यांच्या पोटात गेली. आपला पोस्टरांचा इतिहास हा पुष्कळसा बिनकामी राहिलेल्या प्रतींचा इतिहास आहे. ज्यांच्यापुढे उभे राहून कुणी तिकिटाचे पैसे साठवायचे ठरवले, त्या प्रती आपल्याजवळ नाहीत. ते उभे राहणारे आहेत, पण त्यांची वये वाढत चालली आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवून घेणे हे आधी करण्याचे काम आहे.

पुढे फ्लेक्स आला. तो पावसाला भीत नाही, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, आणि त्याच्यासाठी ब्रश धरणाऱ्या हातांची गरज उरली नाही. चित्रपटही आता उपग्रहावरून सगळीकडे एकाच शुक्रवारी उतरतो. ‘लवकरच’ अखेर खरे बोलू लागले आहे. त्यामुळे थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला अंदाज बांधायला काही उरलेले नाही. तो एसटीची वाट पाहतो, एवढेच.