रंगावरचे जाळे : पॉलिश आणि पॅड निवडताना

नवी गाडी घेऊन वर्ष-दीड वर्ष उलटते आणि एखाद्या संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली बॉनेटवर नजर जाते. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेघा वर्तुळाकार पसरलेल्या दिसतात. वाहनसौंदर्याच्या व्यवसायात त्यांना ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात. गाडी काळी वा गडद निळी असेल, तर त्या अधिकच डोळ्यांत भरतात. वास्तविक या रेघा वर्तुळाकार नसतातच. त्या सर्व दिशांना पसरलेल्या असतात. त्यांपैकी प्रकाशाला आडव्या असणाऱ्या तेवढ्याच चमकतात आणि वर्तुळाचा भास होतो. दिवा हलवला की वर्तुळही त्याच्याबरोबर सरकते.

यामागचे कारण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये रोज पहाटे एकाच बादलीतील पाण्याने आणि एकाच फडक्याने दहा-पंधरा गाड्या पुसल्या जातात. कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सवय तर घरोघरी आहे. फडक्यात अडकलेला धुळीचा प्रत्येक कण रंगावर ओरखडा काढतो.

आधुनिक गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, मूळ रंग आणि सर्वांत वर पारदर्शक ‘क्लिअर कोट’ असे थर असतात. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे छपाईच्या एखाद्या-दीड कागदाएवढी भरते. त्यातील क्लिअर कोट जेमतेम 35 ते 50 मायक्रॉनचा. ओरखडे याच थरात असतात आणि ते घालवायचे म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून सपाट करायचा. घासलेला क्लिअर कोट पुन्हा भरून येत नाही. तो संपला, तर त्या भागाला नव्याने रंग देण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणूनच येथे निवडीला महत्त्व आहे.

बाजारात सर्रास ‘रबिंग-पॉलिश’ या एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तू प्रत्यक्षात तीन वेगळ्या कामांच्या आहेत. कंपाउंड हे सर्वांत जहाल. ते खोल ओरखड्यांसाठी. पॉलिशमधील अपघर्षक कण त्याहून बारीक. सामान्य जाळे घालवण्यास ते बहुधा पुरते. वॅक्स मात्र काहीच घासत नाही, ते केवळ संरक्षक लेप देते. चौथा प्रकार ग्लेझचा. त्यातील तेले व भराव ओरखड्यांत बसून ते तात्पुरते झाकतात. गाडी ताब्यात घेताना आरशासारखी दिसावी आणि चार-सहा धुण्यांनंतर जाळे पुन्हा उगवावे, याचे रहस्य पुष्कळदा येथे असते. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून पाहिला, की भराव निघून जातो आणि खरे काय ते कळते.

अपघर्षकांतही दोन जाती आहेत. काहींचे कण घासता घासता फुटून बारीक होतात. अशा पॉलिशचे काम अर्धवट सोडले, तर धुरकट झाक राहते. दुसऱ्या जातीचे कण आकार टिकवतात. त्यांचा परिणाम दाब, वेळ आणि मुख्यत्वे पॅड यांवर अवलंबून असतो. बाटली एकच, पण पॅड बदलताच तिचा स्वभाव बदलतो, असे म्हटले तरी चालेल.

लोकरीचा पॅड सर्वाधिक घासतो, त्याखालोखाल मायक्रोफायबर आणि मग फोम. फोममध्येही कटिंग, पॉलिशिंग व फिनिशिंग असे कठीण ते मऊ प्रकार असतात. पॅडच्या रंगावर विसंबणे मात्र धोक्याचे. अमेरिकेतील लेक कंट्री या कंपनीचा पिवळा फोम कटिंगसाठी असतो, तर इटलीच्या रुपेसचा पिवळा नाजूक फिनिशिंगसाठी. दुकानदाराकडे नुसता ‘पिवळा’ मागणाऱ्याच्या हाती काय पडेल, हे सांगता येणार नाही.

यंत्राची गोष्टही अशीच. एकाच अक्षावर गरगरणारे रोटरी यंत्र जलद काम करते; पण ते उष्णता निर्माण करते आणि अननुभवी हातात होलोग्रामसारखे नवे पट्टे उठवते. फिरता फिरता डुलणारे ड्युअल ॲक्शन यंत्र हळू असले, तरी घरी प्रयोग करणाऱ्यास तेच योग्य.

जाणकारांची पद्धत सौम्याकडून जहालाकडे जाण्याची आहे. गाडी धुऊन, क्ले बारने चिकटलेले कण काढून, सावलीत गार झालेल्या पत्र्यावर दीड-दोन फुटांचा एक चौकोन निवडायचा. प्रथम मऊ फोम आणि बारीक पॉलिश; उभे-आडवे चार-पाच हात फिरवून, पुसून, टॉर्चच्या उजेडात पाहायचे. जाळे राहिले, तर आधी पॅड बदलायचा आणि त्यानेही भागले नाही तरच कंपाउंडकडे वळायचे. कंपाउंड वापरले, की शेवटचा हात बारीक पॉलिशचा द्यावाच लागतो. पॅड वरचेवर साफ करायचा, कारण त्यात साचलेला रंगाचा चुरा स्वतःच ओरखडे काढतो.

कडा आणि पत्र्याच्या उभारलेल्या रेषांवर थर पातळ असतो. तेथे मास्किंग टेप लावणे शहाणपणाचे. प्लॅस्टिकच्या बंपरमधून उष्णता लवकर निघून जात नाही, तेव्हा तेथे हात हलकाच हवा. नख फिरवल्यावर अडकते असा ओरखडा पॉलिशने जात नाही आणि तो घालवण्याचा हट्टही धरू नये.

टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंगसाठी हजारो रुपये मोजणाऱ्यांनी एवढे तरी विचारावे, की लेपाआधी जाळे काढले जाणार आहे काय, कोणत्या पॅडने, आणि थराची जाडी मोजण्याचे यंत्र दुकानात आहे काय. हे यंत्र एकूण जाडी सांगते, क्लिअर कोटची वेगळी नव्हे. तरीही एखाद्या दरवाज्यावर आकडा इतरांच्या दुपटीने भरला, तर तो भाग पूर्वी रंगवलेला आहे, हे जुनी गाडी घेणाऱ्यासही त्यातून समजते.