कानाला वाट दाखवणारी पुस्तकं

पेणच्या गणपती कारखान्यात जाणकार माणूस शिरला, की डोळ्यांची आखणी बघून मूर्ती कुणाच्या हातची असेल, याचा अंदाज बांधतो. ही नजर जन्मतः येत नाही. कुणीतरी 'इथं बघ' म्हणून बोट दाखवावं लागतं. गाण्याचंही तसंच आहे. घरात गाणं नाही, जवळपास गुरू नाही, अशा माझ्यासारख्या रोहेकराला 'इथं ऐक' असं सांगितलं ते पुस्तकांनी आणि ध्वनिमुद्रिकांवरच्या लेखांनी.

१९०२ साली कोलकात्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं. राग जेमतेम तीन मिनिटांत मांडायचा! कोणती तबकडी घ्यावी हे सांगायला तेव्हा कंपन्यांच्या याद्या असत. पण विकणारा आपल्या मालाला नावं कशाला ठेवील? इंग्लंडमध्ये १९२३ साली कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकारानं 'ग्रामोफोन' मासिक काढलं आणि तबकडीचं परीक्षण हा लेखनाचा वेगळा प्रकार रुळला.

आपल्याकडे वाटाड्या आधी आला, परीक्षक मागून. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग १९१० साली प्रसिद्ध केला. तो मराठीत आहे आणि गुरुशिष्याच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो. घरी बसून वाचणाऱ्याला आपणच प्रश्न विचारतो आहोत असं वाटावं!

पुढे केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या टोपणनावानं गायकांवर लिहिलं. ते स्वतः संगीतकार, त्यामुळे नुसतं 'बहार आली' म्हणून ते थांबत नसत. बहार कशानं आली, हे ते सांगत. प्रा. बी. आर. देवधर यांच्या संपादनाखाली १९४७ पासून 'संगीत कला विहार' मासिक निघू लागलं. १९६१ साली वामनराव देशपांडे यांचं 'घरंदाज गायकी' आलं. वामनराव पेशानं हिशेबतपासनीस. सूर आणि लय यांचा तोल कोणत्या घराण्यात कसा साधला जातो, हे त्यांनी असं मांडलं, की माझ्यासारख्याला एकच राग दोन गायकांकडून ऐकताना फरक कुठं शोधायचा ते कळलं.

आणि आपल्या जिल्ह्याचं नाव कसं विसरू? संगीतकार यशवंत देव यांचा जन्म १ नोव्हेंबर १९२६ चा, पेणचा. आकाशवाणीवर त्यांनी दीर्घकाळ काम केलं. त्यांच्या 'शब्दप्रधान गायकी' या पुस्तकानं भावगीताकडे बघण्याची दृष्टी दिली. गळा कितीही फिरला, तरी शब्दाचा अर्थ पोचला नाही तर भावगीत फसलं, हा त्यातला विचार ऐकणाऱ्यालाही तितकाच उपयोगी आहे. २०१८ साली देव गेले. पुस्तक शिकवतंच आहे.

लाँगप्ले तबकडीचं वेष्टन हीसुद्धा एक छोटी मार्गदर्शिकाच होती. राग, ताल, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे बहुधा पाठीमागे छापलेलं असे. कॅसेट आली आणि ही जागा बोटभर झाली. आज मोबाईलवर गाणं क्षणात मिळतं. पण कवी कोण, चाल कुणाची, हे पुष्कळदा कळत नाही. गायकाचं नाव उरतं, बाकीचे पुसले जातात. आवडलेलं पुढं शोधायचं कसं? नाव हीच तर वाट असते.

कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी हिंदी चित्रगीतांची अशीच नावं गोळा करून 'हिंदी फिल्म गीतकोश' सिद्ध केला. आपल्याला एवढं नाही जमणार. पण माळ्यावरच्या तबकड्या आणि कॅसेट भंगारात देण्याआधी त्यांवरची नावं तरी एका वहीत उतरवून ठेवूया. उद्या नातवानं विचारलं, 'आजोबा, ही चाल कुणाची?', तर उत्तर घरातच सापडेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)