विश्लेषण : वादळात फोन का लागत नाही? आधी कोणाचा कॉल जातो?

तौक्ते चक्रीवादळ 16 मे 2021 रोजी सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळून पुढे सरकले, तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ले परिसरात अनेक ठिकाणी वीज गेली आणि मोबाइल सेवाही कोलमडली. अशा वेळी सुरू राहिलेल्या मोजक्या टॉवरवर सगळ्यांचा भार येतो. तिकडे मुंबईतले चाकरमानी गावी फोन लावत असतात. मग कोणाचा कॉल आधी जातो?

पूर्वी प्राधान्य कसे ठरायचे?

ट्रंक कॉल एक्स्चेंजमध्ये नोंदवून वाट पाहावी लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार होते. जास्त दर भरणाऱ्याचा नंबर आधी लागे. पण त्याने लाइनी वाढत नसत. साधा कॉल नोंदवणारा आणखी मागे पडे.

आता रांग का नसते?

मोबाइलवर वाहिनी रिकामी नसेल, तर कॉल सहसा रांगेत न थांबता परत फिरतो. याचे गणित डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग यांनी 1917 मध्ये मांडले. समजा, 10 वाहिन्या आहेत आणि कॉल सरासरी तीन मिनिटांचा आहे. तासाला 100 कॉल आले, तर दोन टक्क्यांहूनही कमी परत फिरतात. 200 आले, तर सुमारे 21 टक्के. 400 आले, तर निम्म्याहून अधिक. त्यात प्रत्येक जण पुन्हा पुन्हा नंबर फिरवतो आणि कोंडी वाढते.

प्राधान्य कोणाला?

मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकांत सुरक्षा दले, आपत्कालीन सेवा आणि वीज-पाण्यासारख्या सेवांच्या सिमकार्डांसाठी वेगळे वर्ग आहेत. गर्दीत सामान्य ग्राहकांना थोपवून त्यांना वाट देता येते. 112 या क्रमांकाचा कॉल आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. मात्र टॉवरच बंद असेल, तर प्राधान्याचा काही उपयोग नाही.

आपण काय करावे?

वादळात ख्यालीखुशालीसाठी एसएमएस बरा. तो जागा कमी घेतो आणि समोरचा फोन बंद असला, तरी काही काळ थांबून रेंज आल्यावर पोहोचतो. घरातल्या एकानेच संपर्क साधून बाकीच्यांना कळवावे. आपण मोकळी ठेवलेली वाहिनी बोटीवर अडकलेल्या एखाद्याला मिळू शकते.