कॉमिक कॉन : पोरांचा हट्ट, आई-बापाचा हिशेब

बेळगाव : "बाबा, बेंगळूरला कॉमिक कॉन आहे, जाऊ या का?" टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी, कुठल्याही घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. उत्तरही ठरलेलं असतं. "कार्टून बघायला पाचशे किलोमीटर? आणि वर तिकीट काढून?" वाद तिथंच मिटतो, नाहीतर तिथंच पेटतो.

पोराला काय हवंय हे घरच्यांना नीट कळलेलं नसतं आणि खर्च किती येईल हे पोराला कळलेलं नसतं. म्हणून हा प्रकार नेमका काय, तिथं पैसे कशाचे लागतात आणि पदरात काय पडतं, हे एकदा समजून घेतलेलं बरं.

कॉमिक कॉन म्हणजे काय?

'कॉन' म्हणजे कन्व्हेन्शन, सोप्या भाषेत मेळावा. चित्रकथा काढणारे, छापणारे, वाचणारे आणि जमवणारे एका छताखाली येतात. आता त्यात सिनेमा, वेब सीरिज, व्हिडिओ गेम आणि जपानी ॲनिमेही आले. यात्रा, पुस्तक प्रदर्शन आणि गॅदरिंग एकत्र केलं तर जे होईल, साधारण ते.

सगळ्यात गाजलेला मेळावा अमेरिकेतल्या सॅन दिएगोचा. १९७० साली यू. एस. ग्रँट नावाच्या हॉटेलात तो सुरू झाला. त्या ऑगस्टमधल्या पहिल्या तीन दिवसांच्या मेळाव्याला आले होते जेमतेम तीनशे लोक. आज तिथं सव्वा लाखावर माणसं येतात. सहा हजारांवर खुर्च्या असलेल्या 'हॉल एच' या सभागृहात जागा मिळावी म्हणून लोक आदल्या रात्रीपासून फुटपाथवर पथारी टाकतात. नव्या चित्रपटांची पहिली झलक तिथं दाखवली जाते, म्हणून जगभर त्याची बातमी होते. आपली पोरं मोबाईलवर जे बघतात ते बहुधा हेच.

आपल्याकडचा 'कॉमिक कॉन इंडिया' मात्र वेगळा. नाव सारखं असलं तरी सॅन दिएगोच्या संस्थेची ती शाखा नाही. जतिन वर्मा यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीच्या दिल्ली हाटमध्ये पहिला मेळावा भरवला. तेव्हा प्रवेश फुकट होता. पुढं मुंबई, बेंगळूर, हैदराबाद, पुणे अशी शहरं वाढत गेली आणि तिकीटही आलं. जानेवारी २०२४ मध्ये नॉडविन गेमिंग या कंपनीने कॉमिक कॉन इंडिया सुमारे ५५ कोटी रुपयांना विकत घेतलं. म्हणजे छंदी लोकांच्या जत्रेचा आता मोठा धंदा झाला आहे, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. आत शिरल्यावर प्रत्येक वळणावर काहीतरी विकायला ठेवलेलं असणार, हे ओघानं आलंच.

कुणाला कुठलं जवळ?

बेळगाव, धारवाड, कारवार भागाला बेंगळूर सोयीचं. निपाणी, चिकोडीकडच्यांना पुणंही फार लांब नाही. हैदराबादच्या मराठी मंडळींना तर घरचंच अंगण. ग्वाल्हेरला दिल्ली, बडोद्याला मुंबई, गोव्याला मुंबई किंवा बेंगळूर.

बेंगळूरचा मेळावा गेल्या काही वर्षांत व्हाईटफील्डच्या केटीपीओ प्रदर्शन केंद्रात, तर हैदराबादचा हायटेक्समध्ये भरत आला आहे. तरी तारखा दरवर्षी बदलतात आणि जागाही बदलू शकते. त्यामुळे मित्राने पाठवलेल्या पोस्टवर विसंबून रेल्वेचं रिझर्व्हेशन करू नये. आयोजकांच्या वेबसाइटवर तारीख आणि पत्ता स्वतः बघावा, मगच तिकीट काढावं.

बेळगावहून रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सकाळी बेंगळूरला सोडते. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे, पण ती दिवसाची गाडी असल्यामुळे जाण्यातच अर्धा दिवस जातो. बेंगळूर स्टेशनजवळून मेट्रोची जांभळी लाइन व्हाईटफील्डपर्यंत जाते. शनिवार-रविवारच्या ट्रॅफिकमध्ये टॅक्सीत दोन तास बसण्यापेक्षा मेट्रो शंभर पटीने बरी.

हिशेब असा मांडा

बाप आणि लेक, दोघं जाणार आणि एकच दिवस थांबणार असं धरू. आकडे अंदाजाचे आहेत, आपल्या सोयीने कमी-जास्त करावेत.

एका दिवसाचं साधं तिकीट गेल्या काही वर्षांत हजार रुपयांच्या आगेमागे राहिलं आहे. दोघांचे दोन हजार. स्लीपरने जाऊन-येऊन चार तिकिटं, प्रत्येकी चारशे धरले तर सोळाशे. एका रात्रीचा लॉज दीड हजार. खाणं, मेट्रो, रिक्षा मिळून दीड हजार. झाले सहा हजार सहाशे. जातानाही रात्रीची गाडी आणि येतानाही रात्रीचीच, असं केलं तर लॉजचे दीड हजार वाचतात आणि खर्च पाच हजार शंभरवर येतो. आंघोळीपुरतं कुणा पाहुण्याचं घर असलं की भागलं.

खरी गोम आहे ती पुढं. हा झाला फक्त जाण्या-येण्याचा खर्च. खरेदी यात धरलेलीच नाही, आणि बजेट कोलमडतं ते तिथंच. परदेशी कंपन्यांच्या छोट्या बाहुल्या, ज्यांना पोरं 'फिगर' म्हणतात, हजार-दोन हजारांच्या खाली सहसा येत नाहीत. टी-शर्ट, हुडी, किचेन, पोस्टर, एकेक करत पिशवी भरते. म्हणून निघण्यापूर्वीच आकडा ठरवावा, समजा दोन हजार, आणि तेवढीच रक्कम वेगळी ठेवावी. ती संपली की खरेदी संपली.

दोन गोष्टी आणखी. साध्या तिकिटाशिवाय 'सुपरफॅन'सारखं महाग तिकीट असतं, त्यात वस्तूंचा एक डबा मिळतो. त्या वस्तू एरवी विकत घेतल्या असत्या का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर 'नाही' असेल तर साधं तिकीट पुरे. दुसरं, हजारो माणसं एका जागी आली की मोबाईलचं नेटवर्क दम तोडतं. यूपीआय अडकतं, आणि मागं रांग वाढत जाते. पाचशे-हजार रुपये रोख खिशात असू द्यावेत. तिकिटाचा स्क्रीनशॉटही आधीच काढून ठेवावा.

आत काय काय असतं?

मोठ्या कंपन्यांचे भपकेबाज स्टॉल दाराशीच दिसतात. सिनेमा, ओटीटी, गेमिंग, ॲनिमे, सगळे जाहिरातीसाठी आलेले. फोटो काढा, फिरकी फिरवा, बिल्ला मिळवा, असा कारभार. रांगा सगळ्यात मोठ्या इथंच, आणि हाती येतं सगळ्यात कमी. स्टेजवर चित्रकार, लेखक, विनोदी कलाकार यांच्या गप्पा आणि संध्याकाळी वेशभूषेची स्पर्धा.

गर्दी शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी सर्वांत जास्त. दार उघडताना पोहोचलं तर पहिले दोन तास निवांत मिळतात. पायात नवे बूट नकोत, पाण्याची सोय बघून ठेवावी. बाहेर पडल्यावर पुन्हा आत घेतात का, बाहेरचं खाणं चालतं का, लहान मुलांना तिकीट लागतं का, हे तिकिटाच्या मागच्या नियमांत वाचून घ्यावं. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी आणि चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ती जागा आत शिरल्या शिरल्या ठरवावी.

सोंग घेणं आपल्याला नवं नाही

तिथं स्पायडरमॅन, नारुतो, जोकर बनून फिरणारी पोरं बघून मोठ्यांना हसू येतं. याला कॉस्प्ले म्हणतात. शब्द १९८०च्या दशकात जपानमध्ये रुजला, पण पद्धत त्याहून जुनी. १९३९ साली न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा संमेलनाला फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातले कपडे घालून आले होते, तिथून ही रीत सांगितली जाते.

आपल्याकडं बहुरूपी आहे, कोकण-गोव्यात दशावतार आहे आणि बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आहे. रात्रभर जागून चिलखत, ढाली, जिरेटोप बनवणारी आपल्या गल्लीतली पोरं जे काम करतात, तेच हे. फरक सामानाचा. तिथं जाड फोमशीट कापून, गरम करून, वाकवून, रंगवून लोखंडाचा भास आणतात. चित्ररथावर हात बसलेल्या पोराला हे शिकायला फार वेळ लागायचा नाही.

नियम मात्र कडक आहेत. खरी तलवार, सुरा, धातूचं टोकदार काही आत नेता येत नाही, दारावर तपासणी होते. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. कुणी वेश केला म्हणजे हात लावायची परवानगी दिली असं होत नाही. फोटो काढायचा तर आधी विचारायचं, 'नाही' म्हटलं तर पुढं चालायचं. मुलींना तर गर्दीत याचा त्रास जास्त होतो. आपल्या पोराला हे घरूनच सांगून पाठवणं हे आई-बापाचं काम. आणि त्रास झाला तर गप्प न बसता जवळच्या स्वयंसेवकाला किंवा सुरक्षारक्षकाला तिथल्या तिथं सांगायचं, हेही.

खरी जागा कोपऱ्यातली

या सगळ्या झगमगाटात एक गल्ली असते, तिला 'आर्टिस्ट ॲली' म्हणतात. लहान लहान टेबलं, मागं बसलेला चित्रकार, समोर त्याची स्वतःची पुस्तकं, प्रिंट, स्टिकर. टेबलाचं भाडं, छपाईचा खर्च, प्रवास, सगळं स्वतःच्या खिशातून घालून तो दोन-तीन दिवस तिथं बसतो. त्याचा धंदा होतो तो तुमच्या दोन-तीनशे रुपयांवर. खरेदीचं बजेट खर्चायचं असेल तर इथं. परदेशी बाहुली ऑनलाइनही मिळते, चित्रकाराची सही असलेलं पुस्तक आणि त्याच्याशी पाच मिनिटं बोलणं मिळत नाही.

घरात चित्र काढणारं पोर असेल तर जाण्याचं खरं कारण हेच. "चित्र काढून पोट भरतं का?" या प्रश्नाचं उत्तर नात्यातलं कुणी देऊ शकत नाही. तिथं बसलेला माणूस देऊ शकतो. पोराने आपल्या दहा-बारा चांगल्या चित्रांची वही बरोबर न्यावी. सकाळी गर्दी नसताना जावं आणि "कशी आहेत?" असं न विचारता नेमकं विचारावं. एका पानाचे पैसे कसे ठरतात? पहिलं काम कुठून मिळालं? पुस्तक स्वतः छापलं तर किती प्रती काढायच्या? करार करताना चित्राचा हक्क कुणाकडं राहतो? बापानेही शेजारी उभं राहून ऐकावं. बरेच चित्रकार ॲनिमेशन, जाहिरात, गेम, पाठ्यपुस्तकं अशी कामं करून आपली कॉमिक सांभाळतात हे तिथं कळतं. ते ऐकून पोराचा हट्ट थोडा जमिनीवर येतो आणि बापाची भीतीही थोडी कमी होते.

आणि मराठी कुठं?

या गल्लीत इंग्रजीचाच वरचष्मा, पाठोपाठ हिंदी. मराठी शोधावी लागते. मुंबईचे अभिजीत किणी यांची 'अँग्री मावशी' भ्रष्टाचाऱ्यांना धडा शिकवते, मावशी अस्सल मराठी, पण कॉमिक इंग्रजीत.

मराठी माणसाला चित्रकथा परकी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. १९६४ ते १९९० या काळात निघालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही येत होती. फँटमला आपण 'वेताळ' म्हणून ओळखत होतो. दर महिन्याला 'चांदोबा'ची वाट बघणारी पिढी आज आजोबा झाली आहे. कर्नाटकातल्या कार्कळला जन्मलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू केली, तिच्या पानापानांवर राम वाईरकर यांची रेषा आहे. 'टिंकल'मधला सुपंडीही त्यांनीच रंगवला. १९८६ साली हिंदीत आलेला नागराज संजय अष्टपुत्रे आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांनी काढला. उत्तरेतल्या पोरांचा लाडका नायक मराठी हातांनी घडवला, हे आपल्याच लोकांना ठाऊक नाही.

चित्रकार आपल्याकडं कमी नव्हते, आजही नाहीत. कमी आहे ते मराठीत चित्रकथा छापणारे आणि पैसे देऊन विकत घेणारे. सीमाभागात मराठी शाळा टिकाव्यात म्हणून भांडावं लागतं. त्या शाळेतल्या पोराला हौसेनं वाचावंसं वाटेल असं काही हातात देणं, हाही त्याच भांडणाचा भाग आहे. पाठ्यपुस्तक वाचायला लावता येतं, वेताळ मात्र पोरं दप्तरात लपवून वाचायची.

तेव्हा पोराने हट्ट धरला तर एकदम 'नाही' म्हणू नये. हिशेब मांडावा, आकडा ठरवावा आणि शक्य असेल तर बरोबर जावं. परतीच्या गाडीत त्याच्या पिशवीत बाहुल्या जास्त आहेत की वहीत लिहून घेतलेल्या गोष्टी जास्त, ते बघावं. पुढच्या वर्षी जायचं की नाही, ते त्यावरून ठरवता येईल.