थायरॉईडचा मेड्युलरी कर्करोग : लक्षणे आणि पुढची वाटचाल



आपल्या विश्रामबागेत कुठल्याही गल्लीत विचारा, सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेणारं कुणीतरी सापडतंच. आज मात्र आपण याच ग्रंथीच्या एका दुर्मीळ कर्करोगाची माहिती पाहणार आहोत. थायरॉईडचा कर्करोग झालेल्या शंभर रुग्णांत साधारण २ ते ४ जणांना हा मेड्युलरी प्रकार असतो.

थायरॉईडमधल्या बहुतेक पेशी आयोडीन वापरून हार्मोन तयार करतात. त्यांच्यामध्ये थोड्या वेगळ्या 'सी' पेशी असतात. त्या कॅल्सिटोनिन बनवतात आणि आयोडीन घेतच नाहीत. हा कर्करोग त्या सी पेशींचा. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉईडवर उपचार होतात, पण या प्रकारात त्याचा उपयोग होत नाही. इथे मुख्य उपचार म्हणजे शस्त्रक्रिया.

लक्षणं काय? गळ्यात न दुखणारी गाठ, मानेत अवधाण, आवाज बसणे. आजार वाढला तर सारखे जुलाब होतात, चेहरा लालबुंद होतो. टीएसएच नॉर्मल आला म्हणून गाठ निर्धोक ठरत नाही, हे लक्षात ठेवा. सुईची तपासणी आणि रक्तातलं कॅल्सिटोनिन यांवरून निदान होतं.

आता महत्त्वाचं. साधारण चारांतल्या एका रुग्णात हा आजार आनुवंशिक असतो. 'रेट' नावाच्या जनुकातला दोष याला कारणीभूत असतो, हे १९९३ मध्ये कळलं. आई किंवा वडिलांत दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. म्हणून घरात एकाला मेड्युलरी निघाला की त्याची रेट तपासणी करतात. दोष सापडला तर भावंडांची आणि मुलांचीही. मुलात दोष नसेल तर ती काळजी कायमची मिटते. असेल तर गाठ येण्याआधीच थायरॉईड काढतात. एका तीव्र प्रकारात पहिल्या वर्षातच, दुसऱ्यात पाच वर्षांच्या आत. म्हणजे बालवाडीतलं पोर! धडधाकट लेकराला टेबलावर झोपवायचं, आई-बापांचा जीव कसा होत असेल? पण लग्नं जमणार नाहीत म्हणून घरातला आजार लपवून ठेवणं त्या लेकराला फार महागात पडतं. शस्त्रक्रियेआधी मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ नाही ना, हेही बघावं लागतं. नाहीतर भूल देताना रक्तदाब एकदम चढू शकतो.

पुढे काय होतं? आजार ग्रंथीपुरताच असेल तर दहा वर्षांनी शंभरांतले सुमारे ९५ रुग्ण हयात असतात. मानेतल्या गाठींत पसरला असेल तर ७५, आणि यकृत, हाडं, फुप्फुसांत गेला असेल तर ४०. शस्त्रक्रियेनंतरही कॅल्सिटोनिन मोजत राहावं लागतं. ते सहा महिन्यांच्या आत दुप्पट होत असेल तर काळजीचं. दोन वर्षांहून जास्त लागत असतील तर आजार संथ. कॅल्सिटोनिन वाढलेलं असूनही कित्येक जण वर्षानुवर्षं नेहमीचं काम करत जगतात. पसरलेल्या आजारासाठी २०११ पासून व्हॅन्डेटॅनिब, २०२० पासून सेल्परकॅटिनिब अशा गोळ्या आल्या आहेत.

शिक्षक मित्रांनो, असं शस्त्रक्रिया झालेलं मूल आपल्या वर्गात असेल तर ते रोज थायरॉक्सिनची गोळी घेऊन येईल आणि बाकीच्यांसारखंच खेळेल. फक्त बोटांना, ओठांना मुंग्या येतात असं म्हणालं तर टाळाटाळ समजू नका. कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं, पालकांना लगेच फोन करा.